‘स्कॅव्हेंजर’ : निरीक्षकाचे नाव मजुराच्या माथी
(मुरुड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले व्याख्यान)



मुरुडच्या दक्षिणेस, राजपुरीसमोरच्या समुद्रात उभा असलेला किल्ला ‘जंजिरा’ या नावाने सर्वपरिचित आहे. अरबी भाषेत बेटाला ‘जझीरा’ म्हणतात. किनाऱ्यावरच्या लोकांच्या तोंडी या शब्दात एक अनुस्वार शिरला आणि ‘जझीरा’चा ‘जंजिरा’ झाला. पुढे सिद्दींच्या साऱ्या संस्थानालाच हे नाव मिळाले. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि ते ज्या कुलाबा जिल्ह्यात गेले त्याचे नाव १९८१ साली रायगड झाले. राज्य गेले, जिल्ह्याचे नाव बदलले. अनुस्वारासकट जंजिरा मात्र राहिला.

इंग्रजी भाषेतही असाच एक अनुनासिक काही शब्दांत मध्येच शिरलेला आहे. ‘मेसेज’ नेणारा तो वस्तुतः ‘मेसेजर’, पण त्याचा ‘मेसेंजर’ झाला. ‘पॅसेज’ करणाऱ्या ‘पॅसेजर’चा ‘पॅसेंजर’ झाला. त्याच रीतीने ‘स्कॅव्हेज’ वसूल करणाऱ्या ‘स्कॅव्हेजर’चा ‘स्कॅव्हेंजर’ झाला. पहिल्या दोन शब्दांच्या बाबतीत उच्चारापलीकडे फारसे काही बदलले नाही. तिसऱ्या शब्दाच्या बाबतीत मात्र शब्द धारण करणारा माणूसच बदलला. तो कसा बदलला, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका इंग्रजी शब्दाची व्युत्पत्ती कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर असे की हा शब्द कोशात पडून राहिलेला नाही. तो या देशाच्या कायद्यात आहे. कोणाचे पुनर्वसन करायचे, कोणत्या विधवेला भरपाई द्यायची आणि गटारात गुदमरून मेलेल्या माणसाचा मृत्यू सरकारी तक्त्याच्या कोणत्या रकान्यात मांडायचा, हे या शब्दाच्या व्याख्येवर ठरते. शब्दाचा अर्थ ठरविण्याची सत्ता ज्याच्या हाती, त्याच्या हाती माणसाचे भवितव्यही असते. म्हणून शब्दाचा इतिहास हाही राजकारणाचाच विषय होय.

मध्ययुगीन लंडनमध्ये परक्या व्यापाऱ्याने आपला माल विक्रीसाठी मांडला की त्यावर नगराचे अधिकारी एक कर घेत. त्या कराचे नाव ‘स्कॅव्हेज’. त्याच्या मुळाशी असलेल्या उत्तर फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘पाहणी करणे’ असा आहे, आणि तो शब्दही जर्मानिक भाषाकुलातून आलेला. इंग्रजीतला ‘शो’, म्हणजे दाखविणे, हा त्याच कुळातला. व्यापाऱ्याने माल दाखवायचा, अधिकाऱ्याने तो पाहायचा आणि जकात घ्यायची. तेव्हा स्कॅव्हेजर हा मूळचा जकातदार. अंगावर अधिकाराचे वस्त्र असलेला, नगराच्या वतीने पाहणी करणारा माणूस. झाडूशी त्याचा काहीही संबंध नव्हता.

कालांतराने या पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे रस्त्यांची देखरेखही आली. लंडन नगराच्या चालीरीती आणि नियमांचा ‘लिबर आल्बस’ नावाचा संग्रह १४१९ साली सिद्ध झाला. त्यात स्कॅव्हेजरने घ्यावयाची शपथ नोंदलेली आहे. आपल्या विभागातील फरसबंदी नीट आहे की नाही, रस्ते आणि गल्ल्या शेणाघाणीपासून मुक्त आहेत की नाही, चुली आणि धुराडी आगीचा धोका होणार नाही अशी दगडाची बांधलेली आहेत की नाही, हे दक्षतेने पाहण्याचे वचन तो देतो. येथेही काम पाहण्याचेच आहे. पुढे १५०३ साली, सातव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, स्कॅव्हेजच्या वसुलीला मनाई करणारा कायदा झाला. करामागचा अर्थ मागे पडत गेला आणि स्कॅव्हेंजरच्या नावाशी रस्त्याची स्वच्छता तेवढी उरली.

तरीही अजून तो अधिकारीच होता. घाण काढण्याचे प्रत्यक्ष काम करणारे मजूर वेगळे होते. त्यांना ‘रेकर’, म्हणजे ओढणारे, म्हणत. स्कॅव्हेंजरने नागरिकांकडून पट्टी गोळा करायची आणि रेकरकडून काम करवून घ्यायचे, अशी व्यवस्था होती. आजच्या नगरपालिकेच्या भाषेत बोलायचे तर स्कॅव्हेंजर म्हणजे स्वच्छता निरीक्षक आणि रेकर म्हणजे सफाई कामगार. पण शतके लोटली तसे हे नाव एकेक पायरी खाली उतरत गेले. निरीक्षकाचे नाव मजुराला चिकटले, आणि निरीक्षकाने स्वतःसाठी दुसरे, लॅटिन मुळाचे, भारदस्त नाव शोधले. आरोग्यवाचक ‘सानितास’ या लॅटिन शब्दापासून ‘सॅनिटरी’ हे विशेषण आले आणि तो ‘सॅनिटरी इन्स्पेक्टर’ झाला. घाणीच्या जवळ गेलेला शब्द अधिकाऱ्याला नकोसा झाला, एवढाच याचा अर्थ.

शब्दाची घसरण येथेही थांबली नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो मेलेल्या जनावरांवर जगणाऱ्या पशुपक्ष्यांनाही लावला जाऊ लागला. इंग्लंडमध्ये कापडगिरण्या उभ्या राहिल्या तेव्हा चालत्या यंत्राखाली सरपटत जाऊन कापसाचा कचरा वेचणाऱ्या लहान मुलांना स्कॅव्हेंजर म्हणत. कोवळी बोटे आणि लहान देह यांचा उपयोग एवढाच की यंत्र थांबवावे लागू नये. भारताच्या १९४८च्या कारखाना कायद्यात यंत्राचे चालते भाग साफ करण्याच्या कामी स्त्रिया व अल्पवयीन मुले यांना लावण्यास जी मनाई होती, तिच्यामागे या मुलांच्या चिरडलेल्या हातांचा इतिहास आहे. जकातदारापासून गिधाडापर्यंत आणि तेथून गिरणीतल्या पोरापर्यंत, असा हा प्रवास झाला.

परंतु इंग्लंडमध्ये घसरले ते नाव. ते ज्याला चिकटले त्या मजुराच्या मुलाला दुसरे काम धरण्यास धर्मशास्त्राची आडकाठी नव्हती. दारिद्र्याची होती, आणि ती काही लहान नव्हती. पण जन्माची नव्हती. शिवाय तेथे रस्त्यावरचा चिखल आणि राख नेणारा स्कॅव्हेंजर निराळा आणि रात्री शौचकूप उपसणारा ‘नाइटमन’ निराळा. हिंदुस्थानात इंग्रजांच्या नगरपालिका आल्या तेव्हा त्यांना या दोन्ही कामांसाठी आयती जात सापडली. मग दोन शब्दांची गरज उरली नाही. जातीवर टाकलेल्या कामाला परकीय राज्यकर्त्यांनी खात्याचे नाव दिले, पगारपत्रक दिले, मुकादम दिला. जात मात्र जेथल्या तेथे ठेवली. किंबहुना पूर्वी जे रूढीने चालत होते ते आता दप्तरात नोंदले गेले.

आणि मूळच्या मोठ्या शब्दाला खालच्या कामावर बसविण्याची रीत केवळ इंग्रजांची होती असे नव्हे. ‘मेहतर’ हा शब्द पाहावा. फार्सीत त्याचा अर्थ ‘अधिक मोठा’, ‘श्रेष्ठ’, ‘सरदार’ असा होतो. वायव्य सरहद्दीवरील चित्रळच्या राजाची पदवी ‘मेहतर’ अशीच होती. तोच शब्द दिल्लीपासून मुंबईपर्यंत मैला वाहणाऱ्याला लावला गेला. ‘हलालखोर’ या शब्दाचा अर्थ कष्टाची, न्याय्य मार्गाने मिळविलेली भाकरी खाणारा. मुंबई महापालिकेच्या १८८८च्या कायद्यात शौचकूप सफाईसाठी घेतल्या जाणाऱ्या कराचे नावच ‘हलालखोर कर’ असे होते. म्हणजे ज्याला सरदार म्हणायचे त्याला दाराबाहेर उभे करायचे, आणि ज्याची भाकरी हलाल म्हणायची त्याच्या हातचे पाणी प्यायचे नाही! गोड नाव हे येथे न दिलेल्या मजुरीचे आणि न दिलेल्या मानाचे मोल म्हणून चुकते केलेले आहे.

याच मालिकेत पुढे ‘हरिजन’ हा शब्द आला. त्यामागची भावना निर्मळ होती याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्यांना तो लावला त्यांना तो हवा आहे काय, हे विचारले गेले नव्हते. १९३८ साली मुंबई विधिमंडळात हा शब्द कायद्यात घालण्याचा प्रश्न आला तेव्हा डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने आक्षेप घेऊन सभात्याग केला. नाव देणाऱ्याचा हेतू पुरेसा नसतो, नाव घेणाऱ्याची संमती लागते, हा धडा त्या सभात्यागाने घालून दिला. तो सर्वांनीच, समाजवाद्यांनीही, पुन्हा पुन्हा गिरविण्यासारखा आहे.

येथे एका मूलभूत भेदाकडे वळले पाहिजे. स्वच्छता आणि शुद्धी या दोन गोष्टी एक नव्हेत. स्वच्छता ही डोळ्यांनी पाहता येते, पाण्याने आणि श्रमाने साधता येते. शुद्धी ही मानीव असते. ती मंत्राने आणि विधीने होते. या भेदाचे सर्वांत जळजळीत उदाहरण याच जिल्ह्यात घडले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य समाजाने त्या तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर सनातन्यांनी तळे ‘बाटले’ म्हणून ते शुद्ध करून घेतले. कशाने? शेण, गोमूत्र, दूध व दही यांच्या १०८ घागरी तळ्यात ओतून! ज्या पाण्यात गुरे उतरत होती ते पाणी माणसाच्या ओंजळीने अशुद्ध झाले आणि शेणाने शुद्ध झाले. आरोग्यशास्त्राच्या दृष्टीने हे पाणी घाण करणे होय. धर्मशास्त्राच्या दृष्टीने ते शुद्धीकरण ठरले. त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. अस्पृश्यांचा हक्क न्यायालयात शेवटी सिद्ध होण्यास १९३७ साल उजाडावे लागले.

या देशातील घाणीचा प्रश्न सुटत नाही याचे एक मोठे कारण या भेदात आहे. शुद्धीच्या कल्पनेत वाढलेल्या समाजाला आपले घर सोवळे ठेवायचे असते. घाण नाहीशी व्हावी असे त्याला वाटत नाही, ती दुसऱ्याकडे जावी एवढेच वाटते. दुसरा कोणी तरी ती उचलतो म्हणून घर सोवळे राहते, आणि घाण उचलतो म्हणून तो दुसरा ओवळा ठरतो. अशा समाजात सांडपाण्याची शास्त्रीय व्यवस्था उभारण्याची निकड वरच्या वर्गांना वाटेलच कशी? जोवर माणूस स्वस्त आहे तोवर यंत्र महागच वाटणार.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाकडे पाहिले गेले नाही असे नाही. पहिले पाऊल मुंबई राज्यानेच उचलले. १९४९ साली वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या जीवनस्थितीची चौकशी करणारी समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल १९५२ साली आला. मैल्याच्या टोपल्या डोक्यावरून वाहण्याची पद्धत बंद करावी, हा आग्रह त्यातूनच पुढे आला. १९५७ साली केंद्र सरकारने मलकानी समिती नेमली. या समितीने एका विलक्षण गोष्टीकडे लक्ष वेधले. देशाच्या काही भागांत सफाई करणाऱ्या कुटुंबांनी घरे आपसांत वाटून घेतलेली होती, आणि ती घरे साफ करण्याचा ‘हक्क’ वतनासारखा वारशाने चाले. तो गहाणही टाकता येत असे. ज्याच्याजवळ जमीन नाही, दुकान नाही, त्याने दुसऱ्याच्या मैल्यावरचा हक्क हीच आपली मालमत्ता मानली! समितीने हा रूढ हक्क नष्ट करण्याची शिफारस केली, ती योग्यच होती. परंतु तो हक्क सोडणाऱ्याला त्याच्या जागी काय मिळणार, या प्रश्नाचे उत्तर शिफारशीने मिळत नाही. ते जमीन, शिक्षण आणि रोजगार यांनीच मिळते.

हाच प्रश्न महाराष्ट्रात आज वेगळ्या रूपात उभा आहे, आणि कार्यकर्त्यांनी त्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. लाड आणि पागे समित्यांच्या शिफारशींनुसार सफाई कामगार निवृत्त झाला वा मरण पावला तर त्याच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते. २४ फेब्रुवारी २०२३च्या शासन निर्णयाने या तरतुदी एकत्रित करून पुन्हा मांडल्या. कामगार संघटना या हक्कासाठी लढतात, आणि त्यांनी लढले पाहिजे. कारण कायम नोकऱ्या आटत चाललेल्या काळात घरातल्या मुलाला मिळणारी ती एकमेव सुरक्षित नोकरी असते. परंतु ज्या क्षणी बापाचा झाडू मुलाला हक्क म्हणून मिळतो, त्या क्षणी जात आपला दाखला नूतन करून घेते, हेही तितकेच खरे आहे. बारावी झालेली मुलगी आणि पदवी घेतलेला मुलगा त्याच खात्यात, त्याच कामावर रुजू होतो. हा हक्क काढून घ्या असे म्हणणारे बहुधा ते असतात ज्यांना ही कामे ठेकेदाराकडे द्यायची आहेत; त्यांना साथ देणे हा द्रोह ठरेल. आणि हा हक्क आहे तसाच चिरकाल राहो असे म्हणणे म्हणजे जातीच्या तुरुंगाला निवृत्तिवेतनाची खिडकी पाडण्यासारखे आहे. मग मागणी कोणती हवी? वारसाला नोकरी मिळावी, पण ती सफाईचीच असावी अशी अट नसावी. शिक्षणानुरूप नगरपालिकेच्या कोणत्याही खात्यात, लिपिकाच्या, तंत्रज्ञाच्या, परिचारिकेच्या जागेवर त्याचा हक्क असावा. हक्क राहील आणि जातीशी असलेली त्याची गाठ सुटेल. समाजवादी पक्षाने ही मागणी स्पष्ट शब्दांत केली पाहिजे.

आता कायद्याकडे वळावे. हाताने मैला साफ करण्याच्या कामावर माणूस नेमण्यास आणि कोरडे संडास बांधण्यास बंदी करणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ साली झाला. ज्या सहा राज्यांच्या विधिमंडळांनी त्यासाठी ठराव केले त्यांत महाराष्ट्र आणि गोवा ही दोन राज्ये होती. त्यानंतर वीस वर्षांनी, २०१३ साली, अधिक व्यापक असा दुसरा कायदा आला आणि ६ डिसेंबर २०१३ पासून तो अमलात आला. त्याच्या नावातच ‘मॅन्युअल स्कॅव्हेंजर’ हा शब्द आहे. लंडनच्या जकातदाराचे नाव अशा रीतीने भारतीय संसदेच्या कायद्यात, समाजातील सर्वांत पिचलेल्या माणसासाठी कायम झाले.

या कायद्याने व्याख्या विस्तृत केली ही त्याची जमेची बाजू. परंतु तिच्यातच एक पळवाट आहे. केंद्र सरकारने अधिसूचित केलेली साधने आणि संरक्षक पोशाख वापरून जो मैला साफ करतो, त्याला या व्याख्येतून वगळले आहे. म्हणजे हातमोजा चढवला की तो माणूस त्या नावातून बाहेर! गटाराची वा सेप्टिक टाकीची संरक्षक साधनांशिवाय हाताने सफाई करण्याला कायद्याने ‘धोकादायक सफाई’ असे स्वतंत्र नाव दिले. याचा परिणाम काय झाला? २०२१ साली राज्यसभेत सरकारने सांगितले की हाताने मैला साफ करण्यामुळे मृत्यू झाल्याची नोंद नाही. आणि त्याच काळात गटारांत आणि टाक्यांत उतरून मेलेल्यांची संख्या, सरकारच्याच उत्तरांनुसार, शेकड्यांत होती. माणसे मेली हे खरे, पण ती त्या शब्दाखाली मेली नाहीत! शब्दाच्या अर्थावर माणसाचा मृत्यू कसा अवलंबून असतो, याचे याहून उघड उदाहरण मिळणार नाही.

न्यायालयांनी या बाबतीत सरकारपेक्षा अधिक संवेदना दाखविली आहे. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर निर्णय देताना १९९३ पासून गटारात मृत्यू पावलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३च्या निकालाने ही रक्कम ३० लाखांवर नेली. तरी भरपाई म्हणजे न्याय नव्हे. मेल्यानंतर ३० लाखांचा ठरणारा माणूस जिवंतपणी काही शे रुपयांच्या रोजावर टाकीत उतरविला जातो, हे हिशेबातले अंतर कोणत्याही निकालाने मिटत नाही.

नावे बदलण्याचा उद्योग मात्र अव्याहत चालू आहे. मुंबईत दत्तक वस्ती योजनेखाली झोपडपट्ट्यांतून कचरा उचलणाऱ्यांना ‘स्वयंसेवक’ म्हणत आणि त्यांच्या मजुरीला ‘मानधन’. कामगार म्हटले की किमान वेतन आले, भविष्य निर्वाह निधी आला, सुट्टी आली. स्वयंसेवक म्हटले की यांतले काहीच देणे लागत नाही. केंद्र सरकारने २०२० साली शहरांसाठी जी स्पर्धा जाहीर केली तिच्यात गटार साफ करणारा ‘सफाईमित्र’ झाला. मेहतर, हलालखोर, हरिजन, स्वयंसेवक, मित्र : नावांची ही चढती कमान पाहिली म्हणजे असे वाटते की या समाजाने सफाई कामगाराला पदव्या देण्यात कधी कुचराई केली नाही, कुचराई केली ती पगार देण्यात.

याउलट श्रमिकांनी संघटित होऊन स्वतःचे नाव स्वतः ठरविले तेव्हा काय होते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. १९९३ साली पुण्यात डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रेरणेने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. या नावात दयाबुद्धी नाही, अध्यात्म नाही. काय वेचतात ते सांगितले आहे आणि वेचणारे कष्टकरी आहेत असे सांगितले आहे. चोरटे, भटके म्हणून हाकलल्या जाणाऱ्या बायांनी महापालिकेकडून ओळखपत्रे मिळविली आणि पुढे दारोदार कचरा गोळा करणारी आपली सहकारी संस्था काढली. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या लढ्याला ७ एप्रिल २०१७ रोजी यश आले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा निर्णय उचलून धरला. तेथे कामगारांनी गोड नाव मागितले नव्हते. ‘कामगार’ हे साधे नाव मागितले होते, कारण त्या नावाबरोबर हक्क येतात.

कोकणात या प्रश्नाचा विचार करताना आप्पासाहेब पटवर्धनांचे स्मरण अपरिहार्य आहे. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मैला सफाईचे काम स्वतःला मिळावे अशी मागणी केली. तुरुंगाच्या नियमात ते काम जातीने ठरलेले असल्याने ब्राह्मण कैद्याला ते नाकारण्यात आले. आप्पासाहेबांनी अन्नत्याग आरंभला आणि डिसेंबरात येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांच्या समर्थनार्थ उपवास केला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात, मैल्याला हात न लावता त्याचे खत व्हावे अशा साध्या संडासांसाठी त्यांनी आयुष्य वेचले. ज्याला इंग्रज अधिकारी ‘रात्रीची माती’ म्हणत त्याला मराठी शेतकऱ्याने ‘सोनखत’ म्हटले होते. आप्पासाहेबांनी त्या शब्दाचा अर्थ शास्त्राने सिद्ध करण्याचा प्रयत्न केला.

त्यांच्या मागणीतला प्रश्न किती खोल होता हे पुढील एका गोष्टीवरून कळेल. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली, तरी अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावलीत सफाईचे काम जातीवरून वाटून देण्याच्या तरतुदी तशाच राहिल्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या घटनाबाह्य ठरविल्या आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढण्यास सांगितले. आप्पासाहेबांच्या उपवासानंतर ९२ वर्षांनी! ज्येष्ठांचा त्याग वाया गेला असे यावरून म्हणायचे नाही. पण त्याग करणारा एक सवर्ण झाडू हाती घेतो तेव्हा त्याला संत म्हणतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या झाडू हाती असलेल्याला कोणी संत म्हणत नाही, ही विसंगती व्यक्तीच्या त्यागाने मिटत नाही. ती व्यवस्था बदलूनच मिटते.

मुरुडसारख्या गावात हा प्रश्न कोणत्या रूपात आहे? येथला किनारा पर्यटकांनी गजबजतो, लॉज आणि खानावळी वाढतात. सप्टेंबरात ठिकठिकाणी किनारा स्वच्छतेचा दिवस पाळला जातो. विद्यार्थी येतात, प्लास्टिक वेचतात, छायाचित्रे निघतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या, तेव्हा पडलेली झाडे उचलणे कोणाला हलके काम वाटले नाही. हे सारे चांगलेच आहे. पण वाळूवरचा कचरा वेचणाऱ्याला शाबासकी मिळते आणि लॉजमागची टाकी उपसणाऱ्याचे नावही कोणी विचारीत नाही, हा फरक कशाचा? घाणीच्या प्रमाणाचा तो नव्हे. तो विटाळाच्या कल्पनेचा आहे.

२०१४ नंतर देशभर संडास बांधले गेले. बांधलेल्या संडासांचे आकडे लागले, घोषणा झाल्या. परंतु प्रत्येक टाकी कधी ना कधी भरते, आणि ती कोण उपसणार हा रकाना त्या आकड्यांत नाही. बंद टाकीत कुजणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन हे वायू निघतात, आणि प्राणवायू उरत नाही. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते, वासही येईनासा होतो, म्हणून धोका गेला असे वाटते. पहिला माणूस उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो. म्हणूनच अशा अपघातांत एकाच वेळी दोघातिघांचे बळी जातात. दोरी, मुखवटा, धैर्य यांपैकी काहीही येथे पुरेसे नाही. माणसाने आत उतरायचेच नाही, हा एकच उपाय आहे. २०१३च्या कायद्याप्रमाणे धोकादायक सफाईसाठी माणूस लावणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद वा दोन लाखांपर्यंत दंड वा दोन्ही, आणि पुढील गुन्ह्यास पाच वर्षांपर्यंत कैद वा पाच लाखांपर्यंत दंड वा दोन्ही, अशी शिक्षा आहे. ही जबाबदारी केवळ नगरपालिकेची नाही. लॉजमालक, गृहसंस्था, ठेकेदार, कोणीही असो, तो कायद्याच्या कक्षेत येतो.

तेव्हा कार्यकर्त्यांपुढची कामे स्पष्ट आहेत. गावातील टाक्या कोण उपसतो, यंत्राने की माणसाने, याची यादी करावी. नगरपालिकेच्या सभेत मैला उपसणाऱ्या गाडीची आणि उपसलेल्या मैल्यावर प्रक्रिया करण्याच्या व्यवस्थेची मागणी करावी. कारण गाडीने उपसून खाडीत सोडणे म्हणजे घाण पुन्हा दुसऱ्याच्या, या वेळी मच्छीमाराच्या, दारात टाकणे होय. सफाई कामगाराचे वेतन, विमा आणि वैद्यकीय तपासणी यांचा जाब ठेकेदाराला नव्हे, मुख्य मालक असलेल्या नगरपालिकेला विचारावा. वारसा हक्काची मागणी वर सांगितलेल्या व्यापक रूपात मांडावी. आणि पक्षाच्या प्रत्येक पत्रकात या माणसाला ‘कामगार’ म्हणावे, दुसरे कोणतेही लडिवाळ नाव देऊ नये.

शेवटी पुन्हा शब्दाकडे. स्कॅव्हेंजर या शब्दाचा मूळ अर्थ ‘पाहणारा’. पाहणाऱ्याचे नाव मजुराला गेले आणि पाहण्याचे काम मात्र कोणीच केले नाही. उलट त्या मजुराकडे पाहायचे नाही असाच संकेत रूढ झाला. संस्कृतमध्ये ‘अच्छ’ म्हणजे पारदर्शक, ज्याच्या आरपार दिसते ते. ‘स्वच्छ’ म्हणजे उत्तम पारदर्शक. गाव स्वच्छ झाले असे तेव्हाच म्हणता येईल जेव्हा घाण कोठे जाते, ती कोण उचलतो, त्याला काय मिळते, हे सर्वांना आरपार दिसेल. जे दिसते ते बदलता येते. ते दाखविण्याचे, म्हणजे शब्दाच्या मूळ अर्थाने स्कॅव्हेजरचे, काम आता कार्यकर्त्यांनी अंगावर घ्यावयाचे आहे.